केंद्रात चालत नाही

११ नोव्हेंबर १९८६
परत पाठवलं! केंद्र सरकारच्या नोकरीची मुलाखत झाली, यादीत नाव लागलं, राखीव जागा एकच आणि ती माझी — आणि कागद तपासणारा कारकून म्हणतो, “बाई, दाखल्यावर बौद्ध आहे. राज्यात चालतं, केंद्रात चालत नाही. हिंदू-महार असा दाखला आणा. महिन्याच्या आत.”

मी म्हटलं, आम्ही छप्पन सालापासून बौद्ध.

“मग जात गेली ना तुमची? राखीव जागा कशाला पाहिजे?”

शेजारच्या टेबलावरचे हसले. चंद्रपूर ते ब्रह्मपुरी उभ्यानं आले. माझी जात गेली, हे गावात विहिरीवर अजून कुणाला कसं कळलं नाही?

१२ नोव्हेंबर
बाबांना सांगितलं. ताटावरून उठले. शाळेत माझं नाव घालताना हेडमास्तरांशी भांडून ‘बौद्ध’ लिहवून घेतलेला माणूस.

आई म्हणाली, “एम.ए. होऊन पोरगी घरी बसली हाय, थेबी पाहा जराशेक.”

१७ नोव्हेंबर
तहसीलीत अर्ज दिला. तलाठी घरी येऊन चौकशी करणार. घरात देव आहेत का, ते बघणार. देव! ते बाबांनी स्वतःच्या हातांनी वैनगंगेत सोडले, माझ्या जन्माआधी.

२० नोव्हेंबर
आईनं शेजारच्या अंजनाबाईंकडून मारुतीचा फोटो मागून आणला. “ने वो गिरजाबाई. पण शनवारी सकाळी वापस करजा, मले पूजेले लागते.”

खिळा मी ठोकला.

२१ नोव्हेंबर
बाबांना शेतावर धाडायचं ठरलं होतं. गेले नाहीत. तलाठ्यानं फोटो पाहिला, वही उघडली.

“रामाजीभाऊ, देव घरचेच ना?”

एक ‘हो’ हवा होता. बाबा उठले, फोटो खिळ्यावरून काढला. “अंजनाबाईचा हाय. मांगून आनला. आमचा नाई.” आणि धोतराच्या सोग्यानं काच पुसून परत देऊन आले.

तलाठी म्हणाला, “अरे भाऊ, मी डोळे झाकाले तयार होतो ना! काऊन बोलले तुमी?”

२२ नोव्हेंबर
बाबांशी बोलत नाही. धर्म त्यांनी निवडला. नोकरी माझी गेली. गावात सगळे म्हणतात, रामाजी म्हणजे रामाजी! म्हणणाऱ्यांच्या घरात कुणी मुदत मोजत नाही.

आज धान बांधताना त्यांच्या हातात काडी शिरली. मी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

२९ नोव्हेंबर
काही नाही.

३ डिसेंबर
दाखला मिळाला! हिंदू-महार. सोबत पंचनाम्याची नक्कल — ‘घरात हिंदू देवदेवता आढळल्या.’ खाली बाबांची सही नाही. अंगठा. गिरजाबाई.

धान कापायला जाते म्हणून आई निघाली होती, ती तहसीलीत गेली. एकटी. विचारलं तर कांदा चिरत राहिली.

“माया अंगठ्यानं बुद्ध बाटते का? जा, हजर हो. तुया बापाले सांगू नको.”

१० डिसेंबर
हजर झाले. फॉर्मवर धर्माचा रकाना मीच भरला — हिंदू. कुणी बळजबरी केली नाही. पेनही अडलं नाही.

१४ डिसेंबर
रविवार म्हणून घरी आले. बाबा दारातच होते. “काय लिवलं फारमावर?”

“बौद्ध,” म्हटलं. “आता केंद्रातबी चालते.”

त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच सांगितलं. आई चुलीपुढून उठली नाही.

११ जानेवारी १९८७
बाबा महिनाभर विहारात सगळ्यांना सांगत होते — कायदा बदलला, माया पोरीले बौद्ध म्हणूनच घेतलं. केंद्राच्या भरतीला मोहल्ल्यातल्या तीन पोरांनी हिंदू-महारचे दाखले बाजूला ठेवले आणि ‘बौद्ध’ लिहून अर्ज टाकले. त्यातल्या पत्रूभाऊंच्या मुलाचं वय फक्त यंदापर्यंतच बसत होतं.

अर्जाची मुदत काल संपली.