तीन चुली

गँगाँ, ४ ऑगस्ट १९०२

ती. सोआझिगताईस, जुडिकेलचा सा. न. वि. वि.

तुझ्या घरी राहणाऱ्या तिन्ही सिस्टरांचं वकीलपत्र मी घेतलं. पॅरिसच्या सरकारची परवानगी नसलेल्या नन्सनी संघ करून राहू नये, असा नवा हुकूम आहे. मी म्हणणार, घर ताईचं, त्या तिघी तिच्या भाडेकरू. कमिशनर पाहणीला आला की आधी चूल बघेल. एक चूल म्हणजे संघ. तेव्हा तिघींच्या चुली आजच वेगळ्या कर. आणि ताई, कमी बोल.

तुझा धाकटा,
जुडिकेल


केरगोआत, ११ ऑगस्ट

चि. जुडिकेल यास अनेक आशीर्वाद.

चुली मांडल्या. धाकट्या दोघींचं सूप रोज करपतं. मी त्यांना म्हटलं, वकिलांचे संत ईव्ह स्वतः वकील असून चोर नव्हते, याचं लोकांना अजून नवल वाटतं. माझा भाऊ वकील आहे, पण चुलीतलं त्याला काही कळत नाही.

काल कमिशनर आला. धाकट्या दोघींच्या चुली पेटलेल्या होत्या, थोरल्या सिस्टर युलालींची थंड. त्यांना आता ज्योतही दिसत नाही, त्या आग कशी सांभाळणार? त्याने विचारलं, आजीबाई, जेवता कुठे? मी डोळे वटारले. पण आंधळ्या माणसापुढे डोळे वटारून काय होतंय! त्या सरळ म्हणाल्या, सोआझिगच्या भांड्यातलं.

मग मला राहवलं नाही. मी सांगितलं, की नवरा गेल्यापासून मला एकटीपुरतं रांधता येत नाही. गुल्वेनच्या शेवटच्या आजारात ह्याच बाई अकरा दिवस उशाशी बसल्या. आता त्याच्या वाटणीचं त्या जेवतात. त्यात कसला आलाय संघ? त्याने सगळं लिहून घेतलं.

मी खटला बुडवला असेल तर रागाव, पण सोडू नकोस. त्या ऐंशीच्या आहेत. जातील कुठे?

तुझी न ऐकणारी,
ताई


केरगोआत, २ सप्टेंबर

चि. जुडिकेल यास अनेक आशीर्वाद.

तार मिळाली. सिस्टर युलाली माझ्या घरचं माणूस ठरल्या. धाकट्या दोघींना मात्र हुकूम लागू. मागच्या सोमवारी त्या बोटीने जर्सी बेटावर, इंग्रजांच्या मुलखात गेल्या. त्यांच्या चुली मी मोडलेल्या नाहीत. तू अपील करतोयस ना?

काल मी पुन्हा चौघींचं सूप केलं. सिस्टर युलालींनी वासावरूनच ओळखलं, म्हणाल्या, एवढं कुणासाठी? मी म्हटलं, हाताला अजून निकाल कळलेला नाही.

लोभ आहेच, तो जेवायला येऊन वाढव. दोन वाटण्या रोज उरतात.

तुझी,
ताई