चाक वाजवून पाहावं

दमियेत्ता, ३ ऑक्टोबर १९९२

ती. रिफअतभाईस बहीगाचा सलाम. वि. वि.

गोदीतून निवृत्त झालास, तरी वहिनी म्हणते की घरातही लेथवर उभा असल्यासारखे हुकूम सोडतोस. आज मला ते हुकूमच हवे आहेत.

ह्यांचा उजवा हात थरथरतो. लाकडावर टेकला की स्थिर होतो, कोरीवकाम जमतं. पण दगडावर पटाशी घासायला घेतली की धार वाकडी. चाळीस वर्षांचा कारागीर, कबूल कसं करणार! म्हणे, हल्ली पोलादच भिकार येतं. नवरीच्या कपाटाची दारं महिनाअखेर द्यायचीत आणि बोथट पटाशीने त्यांवरची कोरीव द्राक्षाची पानं फाटताहेत.

म्हणून मी गुपचूप विजेवरचं, धार लावायचं चाकाचं जुनं यंत्र आणून गच्चीवरच्या खोलीत ठेवलं. पहिल्याच पटाशीचं टोक निळं पडलं. ह्यांनी ती उन्हात धरली नि म्हणाले, छान, चीज कापायला झाली.

रागावू नकोस, शिकव. मुलांना माझे पापे.

तुझी हट्टी बहीण,
बहीगा

सुएझ, ८ ऑक्टोबर

चि. बहीगा हिस अ. उ. आ.

रागावणार तर आहेच. पत्रभर यंत्राचं कौतुक, आणि चाकावर लोखंडी कवच आहे की नाही याबद्दल एक अक्षर नाही! नसेल तर बसवून घेईपर्यंत हात लावू नकोस.

टोक निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. तू दाबत बसलीस. हलका हात ठेव, शेजारी पाण्याचं भांडं ठेव, आणि बोटाला ऊब लागायच्या आत पटाशी बुडव. पटाशी ज्यावर टेकवतेस तो टेकू चाकाला जवळजवळ भिडलेला हवा. फट राहिली तर पटाशी आत ओढली जाते. डोळ्यांवर चष्मा हवाच. ओढणीचं टोक खोचून घे, बांगड्या उतरव, हातमोजे घालू नकोस. खोलीतला भुसा आधी झाड, ठिणगी विचारून पडत नाही. चालू करताना बाजूला उभी राहा आणि चाक मिनिटभर रिकामं फिरू दे.

आणि सगळ्यात आधी, प्लग काढून चाक उतरव, बोटावर टांग आणि पटाशीच्या लाकडी मुठीने हलकेच ठोक. चहाच्या पेल्यासारखं खणखणलं तर ठीक. भद्द वाजलं तर तडा आहे. फिरताना फुटलं तर तोंडावरच येईल.

शुक्रींना सलाम सांग. जपून राहा, म्हणजे मला झोप लागेल.

तुझा भाई,
रिफअत

दमियेत्ता, १७ ऑक्टोबर

ती. भाईस सलाम. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी कणीक मळत होते. शेवटच्या ओळींपर्यंत पोचले आणि वरून घरघर ऐकू आली. हे मला शिकवायला म्हणून स्वतःच वर गेले होते! तशाच पिठाच्या हातांनी धावले आणि प्लग उपटला. हे ओरडले, बायकांनी कारागिराला शिकवायचं का! मी पत्र पुढे केलं.

त्यांनी चाक उतरवलं, बोटावर टांगलं, ठोकलं. भद्द! उन्हात धरल्यावर भोकापासून निघालेली केसाएवढी रेघ दिसली. शेजारचे हाज अतिया म्हणाले, नव्यासारखं तर आहे, राहू द्या. ह्यांनी हातोडीने त्याचे तुकडे केले, पुन्हा कुणी बसवू नये म्हणून. मग स्टुलावर बसले आणि खाली बघत म्हणाले, बहीगा, हात थरथरतो गं माझा. मी म्हटलं, मला वर्षभर ठाऊक आहे. तर म्हणतात, मग बोलली का नाहीस! आता काय म्हणावं या माणसाला?

कवचासकट नवं चाक बसवलं. मी धार लावते, हे मागून ओरडतात, बुडव, बुडव! पाचव्या दिवशी त्यांनी एक पटाशी मनगटावर फिरवली, केस साफ उतरले. शाबासकी नाही दिली. खाली जाऊन एका बैठकीत अख्खा वेल कोरला.

दारं काल गेली. आज हाज अतिया दोन पटाशा घेऊन आले, म्हणाले, शुक्री, जरा धार लावून दे. ह्यांनी मान वर न करता सांगितलं, उस्ताद वरती बसतात. आणि चपला काढून जा, फार कडक आहेत.

वहिनीला सलाम. माया आहे तशीच असू दे, आणि हुकूमही.

तुझी,
बहीगा