समरच्या कोपराबाबत

रीडिंग, इंग्लंड, रविवार, १५ जून

ती. शशीमामा,

१. तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल कार्डिफला जाऊन समरला पाहिले.
२. त्याच्या वडिलांनी मला जिथे उभे केले, तिथून चेंडूचा वेग मोजता येत नाही.
३. वडील पार्किंगची वेळ वाढवायला गेले, तेव्हा वेग मोजता आला.
४. वेग चांगला आहे.
५. वडील अपेक्षेपेक्षा लवकर परत आले.
६. मग आम्ही जेवलो.

घडले ते एवढेच. नमस्कार आधी घालायला हवा होता, तो आता घालते. साष्टांगातली सगळी अंगे खुर्चीतून जमिनीला लागत नाहीत, लागतील तेवढी लावली आहेत असे समजावे. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तुम्ही नियमित करता असे तुम्ही लिहिले आहे, पण मामींनी ते अजून पाहिलेले नाहीत असे त्यांनी लिहिले आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, म्हणून मी मध्ये पडत नाही.

आता सविस्तर. निवृत्त झाल्यापासून तुम्ही न्यू जर्सीत शेजारच्या गृहस्थांबरोबर मैदाने हिंडता, ते एका संघासाठी बेसबॉलमधली होतकरू मुले हेरतात आणि तुम्ही त्यांची घडीची खुर्ची वाहता, इथवर मला माहीत होते. तुमच्या मंडळातल्या श्यामलाताईंची बहीण, म्हणजे अरुणाकाकू, कार्डिफला राहतात, त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा समर उत्तम पिचर आहे (पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, हे तुम्ही फोनवर समजावलेत, आभारी आहे), आणि मी वेग मोजणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत असल्यामुळे मीच त्याला पाहून यावे, हेही मान्य केले. आमची यंत्रे रस्त्यावरच्या गाड्यांसाठी असतात. कुणाच्या मुलाचा वेग मी आजवर मोजला नव्हता. तरी तुम्ही कुरियरने पाठवलेली रडार गन मी ट्यूनिंग फोर्कने तपासून घेतली, ती बरोबर आहे. पुढे जे काही चुकले, ते यंत्राचे नाही.

स्टेशनवर समरचे वडील, उल्हासकाका, गाडी घेऊन आले होते. त्यांनी माझी बॅग दोन्ही हातांनी उचलली आणि मला अहो-जाहो केले. (माझ्या वयाच्या मुलीला कुणाचे काका सहसा अहो म्हणत नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.) गाडीत म्हणाले, समर चेंडू फेकतो अशी काही लोकांची पक्की समजूत झालेली आहे. मी म्हटले, मीही तेच ऐकून आले आहे. यावर सिग्नल हिरवा झाला तरी गाडी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मागच्याने हॉर्न दिल्यावर ते एवढेच म्हणाले की तुम्ही मोकळ्या मनाने बघा, आमचे काही लपवण्यासारखे नाही.

तुमच्या सूचनांमध्ये वडिलांची उंची विचारावी असे होते, म्हणजे मुलगा अजून किती वाढेल ते कळते. मी विचारली. त्यांनी पाच फूट नऊ इंच सांगितली आणि लगेच पुढे, माझीही ॲक्शन स्वच्छ होती, अशी जोड दिली. मी दोन्ही लिहून घेतले.

मैदानात गेल्यावर दिसले की समोर क्रिकेटची नेट्स आहेत. मला वाटले, जागा मोकळी म्हणून इथे आलो असू. उल्हासकाकांनी मला स्क्वेअर लेगला, म्हणजे खेळपट्टीच्या बाजूला, पंच जिथे उभा राहून गोलंदाजाचा हात पाहतो तिथे नेऊन उभे केले. मामा, रडारला चेंडू आपल्याकडे येताना किंवा आपल्यापासून लांब जाताना दिसावा लागतो. समोरून आडवा गेला, तर रडारच्या दृष्टीने तो जवळजवळ जागचा हललेलाच नसतो. समर लांबून धावत येई, हात घड्याळाच्या काट्यासारखा ताठ फिरवी, आणि माझ्या पडद्यावर कधी काहीच येत नसे, कधी ताशी अकरा मैल. अकरा मैलांनी आमच्या ऑफिसातले हरीश सायकल चालवतात. मी दर चेंडूला कपाळाला आठ्या घालत होते आणि उल्हासकाका माझ्या खांद्यावरून तो कोरा पडदा पाहून समाधानाने मान डोलवत होते. मी म्हटले, मला टप्प्याच्या मागे उभे राहायला हवे. ते म्हणाले, तिथून कोपर कसे दिसेल? मी म्हटले, मला कोपर नको आहे. ते हसले. मी विनोद केला असे त्यांना वाटले असावे. मी विनोद करत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

तेवढ्यात त्यांना पार्किंगची वेळ संपत आल्याचे आठवले आणि ते गेले. ते दिसेनासे झाल्यावर अरुणाकाकूंनी, ज्या इतका वेळ बाकावर स्वेटर पांघरून बसल्या होत्या, मला दोन मिनिटांत सगळे सांगितले. तीन वर्षांपासून तिथल्या क्रिकेट लीगमधले पंच समरचे कोपर वाकते म्हणून त्याचे चेंडू बाद ठरवत आहेत. क्रिकेटमध्ये कोपर वाकवून चेंडू टाकणे म्हणजे ‘फेकणे’, म्हणजेच फसवणूक. उल्हासकाका प्रत्येक पंचाशी भांडले आहेत. आता लीगने कळवले आहे की कोपराची तपासणी करून घ्या, नाहीतर मुलाचे नाव मागे घ्या. आणि समर वर्षभर दर रविवारी लायब्ररीच्या नावाखाली एका बेसबॉल क्लबात जातो, जिथे कोपर वाकले तरच चेंडू नीट जातो.

मी विचारले, मग मी कोण आहे?

“अगं, मी खोटं काहीच नाही बोलले,” काकू म्हणाल्या. “रीडिंगची इंजिनिअर मुलगी समरचा हात बघायला येतेय, एवढंच म्हटलं. कोपर तपासायला येतेय, हे त्यांचं त्यांनी ठरवलं. आता वेळ नको घालवूस, माझ्या मागे उभी राहा.”

मग त्यांनी भाजीच्या पिशवीतून, कोथिंबिरीखालून, एका हाताचा फुगीर चामडी ग्लव्ह काढला आणि त्या उकिडव्या बसल्या. अरुणाकाकू अमरावतीला विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल संघात कॅचर होत्या. उल्हासकाकांना हे लग्नापासून माहीत आहे, पण ते त्याला पी.टी. म्हणतात. घरामागे समरचे चेंडू त्याच झेलतात. तळहात सुजतो तो कणीक मळून, असे घरात सांगितले जाते. (सतरा वर्षांचा मुलगा घरात असताना कणीक बरीच लागते, त्यामुळे हे कुणी तपासले नाही.)

समरने या वेळी धाव घेतली नाही. एक पाय उचलला, आणि हात मागून चाबकासारखा आला. मी ताठ हाताचे ते चेंडू आधी पाहिले होते, म्हणून सांगते, हा दुसराच मुलगा होता. पडद्यावर चौऱ्याऐंशी आले. मी यंत्र पुन्हा तपासले. पुन्हा चौऱ्याऐंशी. काकूंनी नुसता ग्लव्ह झटकला आणि जरा खाली टाक म्हणाल्या.

पार्किंगची वेळ फोनवरून वाढवता येते, हे उल्हासकाकांना गाडीपाशी पोहोचल्यावर कळले, त्यामुळे ते लवकर परतले. नेटच्या टोकाशी ते किती वेळ उभे होते, मला माहीत नाही. ओरडले नाहीत. माझ्याजवळ येऊन त्यांनी विचारले, “किती?”

“चौऱ्याऐंशी.”

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आले आणि गेले. ते मोजण्याचे साधन माझ्याकडे नव्हते. मग म्हणाले, “आणि कोपर?”

मी म्हटले, वाकते. या खेळात वाकायलाच हवे.

“तीन वर्षं मी सगळ्यांना सांगतोय, माझा मुलगा फेकत नाही.”

“बाबा, पण मी फेकतो,” समर म्हणाला. “सरळ हात ठेवला ना, की मला खोटा वाटतो.” (व्याकरण त्याचे. मी सुधारलेले नाही.)

काकू उठल्या, गुडघे झटकले, आणि जेवायला चला म्हणाल्या. घरी कढी दुसऱ्यांदा गरम झाली. जेवताना उल्हासकाकांनी समरला भात वाढला आणि ते त्याच्या उजव्या हाताकडे, जणू तो शेजाऱ्यांचा असावा तसे, पाहत राहिले.

परिस्थिती अशी आहे. शुक्रवारी त्यांना लीगला कळवायचे आहे. तपासणी स्वीकारली, तर समर उन्हाळाभर ताठ हाताचा सराव करणार आणि जुलैमध्ये तुमच्या शेजाऱ्यांच्या निवड-शिबिराला जाणार नाही. नाव मागे घेतले, तर उल्हासकाकांच्या मते तो आरोप कबूल केल्यासारखे होईल. तपासणीत काय निघेल, हे आता त्यांनाही माहीत आहे. मला मात्र एक अजून कळलेले नाही. एकच हात, एकच कोपर, पण खेळ बदलला की गुन्ह्याचे कौशल्य होते. आमच्या क्षेत्रात असे चालत नाही. तिथे साठच्या रस्त्यावर सत्तर म्हणजे सत्तरच. परतीच्या ट्रेनमध्ये मी यावर विचार केला आणि स्विंडनपर्यंत कुठल्याही निष्कर्षाला आले नाही.

स्टेशनवर सोडताना उल्हासकाकांनी मला एक प्रश्न विचारला. तो तांत्रिक नसल्यामुळे या अहवालात घेतलेला नाही. माझे काम नोंद करण्याचे होते, ते संपले. मी पुन्हा जाणार नाही. मामींना नमस्कार, गुडघ्याला जपावे.

तुमची भाची,
वरदा

ता. क. वर ताशी अकरा मैल लिहिले आहे, ते शेजाऱ्यांना दाखवू नये. ते मुलाचे नसून माझ्या उभे राहण्याच्या जागेचे आहे.

ता. क. २. मी पुन्हा जाणार नाही असे लिहिले, ते चुकीचे आहे. येत्या शनिवारी जाते आहे. काकूंच्या हाताला विश्रांती हवी. मी ग्लव्ह मागवला आहे. तो कुठल्या हातात घालायचा, हे कळवावे.

ता. क. ३. उल्हासकाकांचा प्रश्न असा होता: “तुमच्या मामांना विचाराल? तिकडे कोपर वाकलं, तर कुणी त्याला चीटर म्हणणार नाही ना?” मी म्हटले, नाही म्हणणार. ते म्हणाले, तुम्ही मशीनवाल्या, मामा खेळ बघतात. म्हणून विनंती, की उल्हासकाकांना तुम्ही स्वतः फोन करावा. अमेरिका, संघ, चौऱ्याऐंशी, यातले काहीही बोलू नये. विचारले आहे तेवढ्याचेच उत्तर द्यावे. नंबर सोबत वेगळा पाठवला आहे. त्यांच्याशी काय बोलणे झाले, ते मला गुरुवार, १९ जूनपर्यंत लिहून कळवावे.