पाव ओहम

प्रिय तोतो एल्मार,

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू “बरं बरं मानांग, जेवलीस का?” म्हणून विषय बदलतोस आणि मोठी बहीण असून मीही बदलू देते. म्हणून लिहायला बसले आहे. ताताय डिसेंबरअखेर केस कापायचं दुकान बंद करणार. गुडघे उभं राहू देत नाहीत आणि भाजलेल्या हाताची दोन बोटं थंडीत अजून आखडतात. दुकान बंद होण्याआधी तू एकदा घरी, वडिलांकडे यावंस, एवढंच मला हवं आहे. पाच वर्षांत दावाओहून इलोइलोला तू एकदाही आला नाहीस. का आला नाहीस, हे आपल्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे, सगळ्यांना तसं वाटतं.

गिऱ्हाइकं निरोप घ्यायला आल्यासारखी येतात. परवा म्हातारा तिबुर्सियो खुर्चीत बसून रडवेला झाला, “क्रिस्पुलो, आता माझ्या डोक्याकडे कोण बघणार रे?” ताताय म्हणाले, “तुझ्या डोक्याला न्हावी कशाला, ओलं फडकं पुरे.” सगळं दुकान हसलं. मग नुसता कात्रीचा आवाज.

मागच्या कोपऱ्यातलं तुझं व्हेपच्या कॉइल बनवायचं टेबल मी अजून आवरलं नव्हतं. आठवतं का, तातायचा खोकला रात्रभर ऐकून तूच त्यांच्या हातात वाफ ओढायची व्हेपची नळी देऊन सिगारेट सोडवलीस. ते नको नको म्हणत होते, “हे बाटलीतून धूर ओढणं पोरांचं काम!” आणि महिन्याभरात गिऱ्हाइकांना आंब्याच्या वासाची वाफ सोडून दाखवू लागले. तू मला शिकवलंस: सळईवर तार सहा वेळा, वेढ्याला वेढा चिकटून, चिमट्याने दाबत हळूहळू तापवायची. तू हसायचास, “मानांग, तू डावरी, तुझे वेढे उलटे फिरतात. कशीही उलटसुलट धर, तुझी कॉइल मी शंभरांत ओळखेन.” मी म्हणायचे, वाफ तर सरळच येते ना? कॉइलमध्ये रस शोषायला घालायचा कापूस मात्र तातायचा. तो ते कंगव्याने विंचरायचे आणि टोकं कापताना विचारायचे, “साहेब, कानाजवळ बारीक करू?”

आणि भिंतीवर तुझ्या अक्षरातला कागद: ‘तातायची नळी: पाव ओहम. त्याखाली नाही.’ त्या पितळी नळीत चिप नव्हती. बॅटरीला आवरणारं कोणी नाही, तारेचा रोध हाच एक लगाम, तो कमी पडला तर बॅटरी तापत जाते, हे तू मला दहा वेळा सांगितलंस. मी मान हलवली. मी इतिहास शिकवते तोतो, मान हलवणाऱ्या मुलांना काय कळलेलं असतं हे मला तरी माहीत असायला हवं होतं.

आता त्या शनिवारचं. तू व्हेपच्या स्पर्धेसाठी बाकोलोदला गेला होतास. तातायची वाफ जळकट लागायला लागली, ते चिडले, खिशात सिगारेट शोधू लागले. मी म्हटलं, थांबा, मी करते. दोन कॉइल केल्या. दोन्ही तुझ्या मीटरवर मोजल्या, एकेक करून. दोन्ही बरोबर पाव. मला केवढा अभिमान वाटला! मग दोन्ही शेजारी शेजारी नळीत बसवल्या आणि पुन्हा मोजलं नाही. कागदावरचा पाव दोन्ही मिळून होता. शेजारी बसवल्या की वीज दोन वाटांनी जाते आणि रोध निम्मा होतो, म्हणून प्रत्येक कॉइल अर्ध्या ओहमची हवी होती. माझी जोडी पावाच्या निम्मी भरली. रविवारी सकाळच्या बोटीने तू परत आलास आणि दुपारी तातायच्या मुठीत बॅटरी फुटली.

हात पाण्याखाली धरून ते ओरडत होते, “कोणी बसवलं हे? कोणी?” आणि तू म्हणालास, “मी.” त्यांनी तुला दुकानात पाऊल ठेवू नकोस म्हणून सांगितलं. मी गप्प राहिले. मला तेव्हा माहीत होतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. खरं उत्तर असं, की तू सकाळी आल्यावर नवीन कॉइल बसवल्या असशील, असं मी ठरवून टाकलं. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. त्या दिवसाची डायरी काल काढून पाहिली. रोजचं सगळं लिहिणारी मी, त्या पानावर एवढंच आहे: ‘ऊन फार. ताताय भाजले. एल्मार रडला.’ शनिवारचं पान कोरं.

ताताय नंतर दोन वर्षं पुन्हा सिगारेटवर गेले, हेही माझ्याच खात्यावर. आता चिपवालं यंत्र आहे. रोध चुकला तर ते पेटतच नाही. तरी मी तीनदा मोजते.

तर टेबल आवरताना तुझा पत्र्याचा डबा सापडला. प्रत्येक जोडी कागदात गुंडाळलेली, वर नाव आणि आकडा. एका पुडीवर नाव नव्हतं. त्या रविवारची तारीख आणि तुझ्या अक्षरात ०.१२. आत दोन काळ्या पडलेल्या कॉइल. मी त्या खिडकीशी नेऊन उलटसुलट धरून पाहिल्या. दोन्हींचे वेढे उलटे.

म्हणजे तुला त्याच दिवशी कळलं होतं. मी पाच वर्षं तुझ्यापासून लपवत होते ते तू डब्यात जपून ठेवलं होतंस. जाताना दारात तू म्हणाला होतास, “मलमपट्टी रोज बदल, मानांग. ते तुझ्याच हातून करून घेतील.” मला ती सूचना वाटली होती. तोतो, घरात आपल्या दोघांपैकी एकाचा तरी हात तातायला चालायला हवा म्हणून तू तुझा काढून घेतलास ना?

काल जेवण झाल्यावर पुडी तातायसमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून कॉइल किती तरी वेळ बोटांत फिरवल्या. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. पुडी त्यांनी होती तशी घडी घातली, खिशात ठेवली आणि मला म्हणाले, “ते पोर खोटं बोललं, आणि मला एवढंही ओळखता आलं नाही.” मग उठून दुकानात गेले. मी मागोमाग गेले, तर रिकामी खुर्ची पुसत होते. पाठमोरेच होते. विचारलं, “तिकडे त्याचे केस कोण कापतं?” मला सांगता आलं नाही. तेवढ्यासाठी हे पत्र. तूच येऊन त्यांना सांग. आणि येईपर्यंत केस कापू नकोस.

तुझी वाट पाहणारी,
तुझीच डावरी मानांग
नेरिसा