छापील कागद

कोईमतूर, ९ ऑगस्ट १९९८

चि. राणीस, तुज्या आण्णाचा लय आशीर्वाद.

मी सांगतोय, शेजारच्या दुकानातला तानाजी लिवून घेतोय.

तुजं पाकीट गुरवारी आलं. आत छापील कागद. तसला कागद कोर्टातनंच येतोय, असं मला वाटलं. तानाजी गावाला गेलता. हितं दुसऱ्या कुणाला मराठी येत न्हाई. तीन दिस कागद खिशात घालून सोनं गाळायच्या भट्टीपुढं बसलो. तब्येत बरी हाय, जेवण तेवढं गेलं न्हाई.

आज तानाजीनं वाचलं तवा कळलं, माज्या पोरीनं विट्याला क्लासात कम्प्युटरवर पत्र छापून काढलंय. शीक, लय शीक. आयचं गुडघं कसं हायती?

मला वाचता येत न्हाई, पर तुजं वाकडं अक्षर वळखतोय. खाली हातानं नाव तेवढं घालत जा.

हितं खाली माजा अंगठा हाय.