मातीच्या बैलाचं वशिंड

बा, तू गेलास तेव्हा आपल्या गावात टीव्ही आलेला नव्हता, म्हणून आधी सांगतो. आता घराघरात भिंतीवर एक काच असते आणि तिच्यात माणसं बोलतात. लेकरांसाठी तिच्यात चित्रं चालतात, त्याला कार्टून म्हणतात. मला त्याची धास्ती वाटते. सारखी हाणामारी, आरडाओरड. नातीचे डोळे बिघडतील, ती जेवणार नाही, झोपेत दचकेल, असं मी सुनेला रोज सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी नवी मालिका सुरू झाली, तेव्हा मी रिमोट हातात धरूनच नातीमागे बसलो. काही वाईट दिसलं की बंद करायचं, असं ठरवून.

आणि त्या काचेत मातीचा बैल चालत आला. रंग नाही, झूल नाही, एक शिंग वाकडं. गाणं नाही, आरोळी नाही, नुसता घुंगरांचा बारीक आवाज. त्याच्या वशिंडावर बोटांचे ठसे दिसत होते आणि ते ठसे जागच्या जागी हलत होते, जणू न दिसणारं कोणी त्याला अजून घडवतंच आहे. मी नातीला विचारलं, "हाऊ कसा चाली ऱ्हायना?" तिने मान न वळवता सांगितलं, "आबा, एक माणूस त्याचा पाय थोडासा हलवतो, फोटो काढतो. परत हलवतो, परत फोटो. आमच्या मॅडमनी सांगितलं." म्हणजे चार पावलं टाकायला त्या माणसाची सगळी सकाळ जात असेल. एवढा धीर असलेला माणूस मी एकच पाहिला होता. तेवढ्यात सून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आबा, पोरले बंद कर म्हनतस, आन सोता डोया फाडीसन दखी ऱ्हायनात." बैल उघड्या माळावर थांबला, त्याने वर पाहिलं, नाकावर पावसाचा थेंब पडला, आणि भाग संपला. पुढचा आठवड्याने. नात घाबरून माझ्याकडे वळली. "आबा, तो विरघळेल. आपला बैल नदीत नाही सोडायचा."

मी लहान आहे आणि तू ओट्यावर बसला आहेस. गोमाई नदीची माती भिजवून, खडे वेचून तू माझा बैल करतोस. पाय, पोट, शिंगं, आणि सगळ्यात शेवटी वशिंडावर अंगठा दाबतोस. पोळ्याला त्याची पूजा होते, त्याच्यापुढे पुरणपोळी ठेवतात, दुसऱ्या दिवशी सगळी पोरं नदीवर जातात. मी बैल पाठीमागे लपवतो. तू हात पुढे करतोस. "रडू नको. मातीना शे, मातीमा जाई. पुढला सालले नवा करसू." आणि खरंच, दर साली नवा केलास. पण प्रत्येक बैल पाण्यात सोडायला लावलास, बा. तू गेल्यावर मी घरभर शोधलं. तुझ्या हातचा एकही उरला नव्हता.

ते कार्टून पाहिलं त्या संध्याकाळी नातीसाठी मी बैल केला. माझी बोटं आता नीट वळत नाहीत, बैलाचे पाय जाडजूड झाले. शेवटी वशिंडावर अंगठा दाबला आणि काढून पाहिलं. तसाच पसरट, एका बाजूला कललेला ठसा. तुझा होता तसा.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी शेजारची पोरं नदीवर निघाली, तशी नात चप्पल घालून दारात उभी. कार्टून पाहतानाची भीती कुठल्या कुठे गेलेली. "चला ना आबा, सोडून देऊ. पुढच्या वर्षी नवा करू." तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, टीव्हीतल्या बैलाचं काय होतं ते पाहू, मग सोडू. ती रुसून पोरांबरोबर पळाली. सुनेला वाटतं, पोर आधी 'नाही सोडायचा' म्हणाली होती, म्हणून मी तिचं मन राखलं.

बैल कोनाड्यात आहे. हा कागद कुठे टाकायचा ते मला ठाऊक नाही, म्हणून घडी करून त्याच्याखालीच ठेवतो. वशिंडावरचा ठसा माझा आहे, हे मला कळतं. तरी घरात कोणी नसलं की मी त्यावर अंगठा ठेवून पाहतो.