विंगेतून दिलेला शब्द

३ जानेवारी १९६८, बुधवार

डाव्या हातानं लिहून राहिलो. अक्षर पाय मोडलेल्या मुंग्यांसारखं. जाऊ दे, वाचणार कोण?

आज जुनी पट्टी सोडली, नवी बांधली. मधल्या वेळात पाहून घेतलं. अंगठा आहे, करंगळी आहे. मधली तिन्ही बोटं आऱ्याच्या पात्यानं नेली. डॉक्टर म्हणे, "घाव अच्छा भर रहा है." मी म्हटलं, भरके क्या करूं? तो हसला! त्याला वाटलं मी गंमत करून राहिलो.

४ जानेवारी

घमापुरला टालवर गेलो, आमच्या लाकडाच्या वखारीत. आरा चालू होता. सागाचा वास मला आवडायचा, आज नाकाला रुमाल लावला. मालक वाईट नाही. "बैठ पुंडलिक, चाय पी." प्यायलो. मग काय? दुसरा चहा? माझ्या जागेवर दमोहचा एक जण उभा राहतो आता. लाकूड चांगलं ढकलतो. हेच पाहायला गेलो होतो का मी?

६ जानेवारी

आर्वीहून चुलतभाऊ आला — भाऊराव. आल्या आल्या हाताकडं पाहिलं अन् मग दिवसभर पाहिलंच नाही. जेवताना बोलला. "शकूचे मामा म्हणतात, लग्नाचं थोडं थांबून पाहू." थांबून काय होते? बोटं उगवतात का!

मग म्हणे, "शकूनं काही म्हटलं नाही."

हे काहून सांगितलं त्यानं? नसतं सांगितलं तर मी मनाचं काही समजून घेतलं असतं.

म्हटलं, आईला कळू देऊ नको. तर म्हणे, "काकूला माहीत आहे. तिनंच तर धाडलं मला." आईला माहीत आहे अन् ती आली नाही. पाहवणार नाही म्हणून आली नाही. मला समजते. तरी.

७ जानेवारी

संध्याकाळी तिलवाऱ्याच्या पुलावर गेलो. नर्मदा पाहायला नाही गेलो. इथं तरी खरं लिहितो.

धुकं होतं. कठड्याशी उभा होतो, तर मागून एक सायकलवाला थांबला. "भैया, टाइम क्या हुआ?" मी न वळता म्हटलं, "पता नहीं." तो काही जाईना. चेन उतरली म्हणे. तोंडाला मफलर, खाली बसून खटखट करून राहिला. चेन चढवायला इतका वेळ! "जरा हाथ लगाओगे?" मी पट्टीचा हात दाखवला. "माफ करना भाई," म्हणाला. पण बसला तो बसलाच.

कोणी असताना होत नाही ते. लाज वाटते. दात वाजायला लागले थंडीनं. शेवटी मीच निघालो. एक शिवीही दिली त्याला मनात.

८ जानेवारी

काही नाही. झोपून.

१० जानेवारी

आज अजबच झालं. टालवर एक म्हातारे गृहस्थ आले, काळी टोपी, काठी. विष्णुपंत. मराठी मंडळाचं नाटक बसवतात, स्टेजला पट्ट्या पाहिजे होत्या. माझं बोलणं ऐकून म्हणाले, "अरे, तू आपल्यातला! वाचता येतं का?"

"चौथी झाली आहे जी."

"पुष्कळ झाली. आमचा प्रॉम्प्टर बदली होऊन गेला. तू बस विंगेत. पुस्तकावर बोट ठेवून वाचायचं, कोणी अडला की शब्द द्यायचा."

म्हटलं, बोटच तर नाही! पंतांनी हाताकडं पाहिलं, डोळ्याची पापणी नाही हलवली. "डाव्याला आहेत ना?"

मालक मोठ्यानं हसला. मलाही हसू आलं. कितीक दिवसांनी.

११ जानेवारी

नेपियर टाउनमधे तालीम. विलायती नाटक आहे, पंतांनीच मराठी केलं. राजपुत्राच्या बापाला काकानं मारलं, आईनं त्याच काकाशी लग्न लावलं. पोरगा भ्रमिष्टासारखा फिरतो. मधेच एकटा येऊन एक लांब भाषण करतो — हे असंच सोसत बसावं का सुटून जावं. पंत म्हणे, "जगभरात हे भाषण प्रसिद्ध आहे. भल्याभल्यांनी केलं आहे."

मी बोट ठेवून वाचत होतो. माझं बोट त्या ओळीवरच अडलं. हे कोणी लिहिलं? पुलावर हा मागं उभा होता का?

राजपुत्राचं काम हेमचंद्र करतो. दीक्षितपुऱ्यातलं जुनं घराणं, भोसल्यांच्या काळापासून इथं. सगळे हेमू भैया म्हणतात. विम्याचा एजंट. मराठी बोलता बोलता गाडी हिंदीत घसरते. पंत त्याला म्हणाले, "दिवसभर लोकांना आयुष्याचा विमा विकतोस अन् संध्याकाळी मरणाचं भाषण! गिऱ्हाईक पळेल तुझं."

"पंत, गरिबाची चेष्टा नका करू हो," तो म्हणाला. सगळे हसले.

भाषण मात्र छातीवर हात ठेवून, वर पाहून, रडक्या आवाजात केलं. शेवटी वाक्य आहे — ‘जगणे ही केवळ एक चेष्टा!’ तिथं तर हुंदकाच दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला राग आला. असं वाटत नाही माणसाला. रडायला येत असतं तर पुलावर कोण जाते?

निघताना हेमू माझ्या पट्टीकडं पाहून राहिला होता. सगळेच पाहतात.

१२ जानेवारी

ठरवलं. नाटक २६ ला. तोवर पुस्तक माझ्या हातात आहे, मधेच टाकून जाणं बरं नाही. २६ नंतर कोणाचं काही अडत नाही.

ठरवलं तर बरं वाटलं. पोटभर जेवलो.

१४ जानेवारी

संक्रांत. पंतांच्या घरच्या अनसूयाबाईंनी तिळगूळ दिला. उजवा हात पुढं करावा का डावा, कळेना. त्यांनी उजव्याच तळव्यावर ठेवला. "गोड बोल रे बाबा, गप्प किती राहतोस!"

रस्त्यावर रडलो. खोटं काहून लिहू.

१७ जानेवारी

हेमू पार बदलला! आज भाषणाला वर नाही पाहिलं, छातीवर हात नाही. खाली बसला, जोड्याची नाडी बांधत बोलायला लागला. जसा कोणी कामावर निघाला आहे अन् आपल्याशीच हिशोब करून राहिला — जाऊ का, नको जाऊ. आवाज साधा. नाडी सुटते, तो पुन्हा बांधतो. पुन्हा सुटते. अन् शेवटी उभा राहून म्हणाला, "जगणे ही... केवळ... एक चेष्टा." असं म्हणाला जसं वजन उचलायच्या आधी माणूस श्वास घेतो!

पंत उठले. "हे काय? थट्टा आहे ती, थट्टा! दैवानं केलेली!"

हेमू भोळं तोंड करून म्हणे, "थट्टा? मैं समझा चेष्टा मतलब कोशिश. प्रयत्न. हिंदीत तर तेच होते."

पंतांनी कपाळावर हात मारला. "पिढ्यानपिढ्या इथं राहून मराठीचं मातेरं केलंत रे तुम्ही! म्हणे कोशिश! अख्खं भाषण उलटं केलंस!"

पोरं पोट धरून हसली. मी नाही हसलो. वाक्य तेच. अक्षर तेच. जगणं ही केवळ एक चेष्टा. केवळ एक कोशिश. माझ्या डोक्यात दोन्ही एकदम वाजून राहिले.

१९ जानेवारी

पंत रोज शिकवतात, हेमू रोज चुकतो. "जुबान पर चढ गया जी." पंत म्हणाले, "सव्वीस तारखेला थट्टा झाली पाहिजे, नाहीतर माझं तोंड पाहू नकोस."

घरी मी एकट्यानं म्हणून पाहिलं. पंतांसारखं म्हटलं — बरोबर वाटलं. हेमूसारखं म्हटलं — तोंडात बसत नाही. खोटं वाटते.

२२ जानेवारी

वाईट दिवस. झोपेत बोटं दुखतात — नसलेली. आरा ऐकू येतो. हेमूचं ते सगळं चुकीच्या अर्थावर उभं आहे. चुकून झालेली गोष्ट, तिच्यावर काय भरवसा? पंत शिकलेले, पंतांचंच खरं. थट्टाच आहे.

चार दिवस राहिले.

२५ जानेवारी

खोली झाडली. अनसूयाबाईंनी परवा जेवणाचा डबा दिला होता, तो परत केला. त्या म्हणाल्या, "इतकी घाई काय होती?" मी पायरीवरूनच वळलो.

२६ जानेवारी, शुक्रवार

झालं नाटक. उशीर झाला, तरी आजच लिहितो.

हॉल भरला होता. भाषण आलं. हेमू खाली बसला, नाडी बांधली, सुटली, बांधली. पंत पहिल्या रांगेत, काठीवर हनुवटी. हेमू उभा राहिला. "जगणे ही केवळ एक —"

अन् थांबला.

मला वाटलं, मुद्दाम. मग वाटलं, विसरला! हा शब्द? हा कसा विसरेल! तो वळला अन् सरळ विंगेत माझ्याकडं पाहिलं. लोक चुळबुळ करायला लागले. तो हलेना. डोळे माझ्यावर. शब्द मीच द्यायचा, तेच माझं काम. पण कोणता? पंतांचा का त्याचा?

पुस्तक मिटलं. मग ओंडका अडला की आम्ही टालवर जसं ओरडतो ना — लाव जोर, अजून लाव! — तसा आवाज निघाला.

"चेष्टा!"

मागच्या रांगेपर्यंत गेला असेल. हेमूनं मान हलवली अन् हळूच म्हटलं, "चेष्टा." जसा मी दिला, तसाच.

कोणी हसलं नाही. पंत नंतर विंगेत आले. आता बोलतील, वाटलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् गेले.

२७ जानेवारी

आहे.

३० जानेवारी

हेमू भैया टालवर आला होता. चहा प्यायलो. म्हटलं, तुमची मराठी कच्ची म्हणून तर हे सगळं झालं.

तो सायकलवर चढला. थंडी होती, तोंडाला मफलर गुंडाळला. "घरात मराठीच बोलतो रे आम्ही. इतकी कच्ची नाही," म्हणाला. मग पायडल मारत —

"अन् त्या दिवशी चेनही उतरली नव्हती."